१९११ चा पंचम जॉर्ज रुपया, वर्णनात नुसतं 'यूएनसी': ऑनलाइन लिलावात बोली किती लावावी?

गिरगावकर_संग्रह

नमस्कार मंडळी,

रविवारी रात्री संपणाऱ्या एका ऑनलाइन लिलावात पंचम जॉर्जचा १९११ चा चांदीचा रुपया आहे, मुंबई टाकसाळीचा. वर्णन एवढंच: 'यूएनसी, मूळ चकाकी, दुर्मीळ पिग रुपी'. वजन दिलेलं नाही. फोटो दोनच, छापा आणि काटा. कडेचा फोटो नाही. नाणं स्लॅबमध्ये, म्हणजे ग्रेडिंग कंपनीच्या सीलबंद कडक डबीत, नाही, साध्या प्लास्टिकच्या पाकिटात आहे. फोटोत ते पांढरंशुभ्र दिसतंय. राजाच्या गालावर आणि चेहऱ्यासमोरच्या मोकळ्या जागेत बारीक रेषा दिसतात, पण त्या नाण्यावर आहेत की पाकिटावर हे ठरवता येत नाही.

घरपोच, सगळं धरून १०,००० रुपये ही माझी मर्यादा आहे. संग्रहात राणीछाप आणि राजाछाप नेहमीचे रुपये आहेत, पण लिलावात बोली पहिल्यांदाच लावतोय. विचारायचं ते असं: नाणं अस्सल आहे का आणि ग्रेड काय, हे फोटोवरून कितपत सांगता येतं? १०,००० मध्ये प्रत्यक्ष बोली किती बसते? नाणं हातात आल्यावर घरच्या घरी काय तपासायचं? आणि ते ग्रेडिंगला पाठवावं का?

---

ठसा_आणि_कड

आधी अस्सलपणा, मग ग्रेड. १९११ च्या बाबतीत पहिली तपासणी फोटोवरूनच होते, कारण या वर्षाची खूण चित्रातच आहे.

राजाच्या झग्यावर ऑर्डर ऑफ द इंडियन एम्पायरची साखळी आहे आणि तिच्यात एक हत्ती आहे. १९११ च्या ठशात त्याची सोंड इतकी आखूड उतरली की तो डुकरासारखा दिसू लागला. त्यावरून ओरड झाली, नाणी मागे घेतली गेली, बरीच वितळवली आणि १९१२ पासून सोंड नीट दिसेल असा नवा ठसा आला. 'पिग रुपी' हे नाव त्यातूनच पडलं. यातून तुमच्या कामाची गोष्ट अशी की साल १९११ आणि हत्ती मात्र लांब सोंडेचा, असं दिसलं तर साल कोरून बदललेलं आहे. १९१२ च्या शेवटच्या आकड्यावर थोडं काम केलं की १ तयार होतो, आणि १९१२ चा रुपया सहज मिळतो. म्हणून फोटो मोठा करून आधी हत्ती पाहा, मग सालाचा शेवटचा १. त्याच्या बुडाशी खरवडल्याच्या खुणा किंवा भोवती वेगळाच गुळगुळीत डाग दिसला तर बोली लावू नका. हाच खेळ षष्ठम जॉर्जच्या १९३९ च्या रुपयात जास्त चालतो, कारण १९३८ चा रुपया ढिगाने मिळतो आणि १९३९ चा अतिशय दुर्मीळ आहे.

मुंबईचं चिन्ह म्हणजे काट्याच्या बाजूला तळाशी असलेल्या कमळाखालचा उठावाचा बारीक ठिपका. ठिपका नसेल तर नाणं कलकत्त्याचं. फोटोत तो दिसत नसेल तर तेवढ्या भागाचा फोटो मागवा.

आता ग्रेड. 'यूएनसी' म्हणजे नाणं चलनात फिरलेलं नाही, एवढाच अर्थ. ते सुंदर आहे किंवा कोणी हात लावलेला नाही, असं त्यातून निघत नाही. नाण्याची अवस्था मोजायच्या शेल्डन मापावर १ ते ७० आकडे आहेत: ६० पासून पुढे न फिरलेली नाणी, ५० ते ५८ एयू (जवळजवळ न फिरलेली), ४० ते ४५ एक्सएफ (थोडी झिजलेली), २० ते ३५ व्हीएफ (त्याहून जास्त झिजलेली). विक्रेता 'यूएनसी' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात ५५ असू शकतं आणि ६४ पण. किमतीत या दोघांमध्ये कित्येक पटींचं अंतर पडतं.

पंचम जॉर्जवर झीज कुठे आधी दिसते ते सांगतो. मुकुटाचा उठाव, भुवई, कानाची पाळ, मिशीची टोकं, आणि झग्यावरची साखळी, विशेषतः तो हत्ती. या जागांचा रंग बाकीच्या पृष्ठभागापेक्षा मळकट राखाडी झाला असेल तर झीज आहे. जागा सपाट आहे पण चकाकी तिच्यावरून सलग जाते, असं असेल तर ठसाच कमी दाबाने बसलाय. हा फरक एका स्थिर फोटोत कळत नाही. नाणं एकाच दिव्याखाली हळूहळू तिरकं करत काढलेला १० सेकंदांचा व्हिडिओ मागवा. मूळ चकाकी असेल तर प्रकाशाचा पट्टा पंख्याच्या पात्यासारखा मध्याभोवती फिरतो. घासलेल्या नाण्यावर प्रकाश सगळीकडे एकदम उजळतो, फिरत नाही.

तुमच्या रेषांचं उत्तरही त्याच व्हिडिओत आहे. रेषा पाकिटावरच्या असतील तर नाणं तिरकं केल्यावर त्या चित्राच्या तुलनेत जागा बदलतात. नाण्यावरच्या असतील तर चित्राला चिकटून राहतात आणि ठरावीक कोनात एकदम चमकतात. शिवाय घासण्याच्या रेषा एका दिशेने समांतर असतात. थैलीत नाण्यावर नाणं आपटून झालेल्या खुणा आखूड आणि वेड्यावाकड्या असतात.

शंभर वर्षांहून जुनी चांदी मुंबईच्या हवेत राहून पांढरीशुभ्र असेल तर मला तरी आधी संशय येतो. अक्षरांच्या कोपऱ्यात, कमळाच्या पाकळ्यांच्या खाचेत थोडा तरी काळसर किंवा सोनेरी रंग राहायला हवा. खाचासुद्धा धुतल्यासारख्या असतील तर नाणं रसायनात बुडवून काढलेलं आहे.

---

बोलीचा_हिशेब

वरचं सगळं बरोबर. मी पैशांचं बोलतो.

पडद्यावर दिसते ती हॅमरची किंमत, म्हणजे नुसती जिंकणारी बोली, तुमच्या खिशातून जाणारी नव्हे. तिच्यावर बायर्स प्रीमियम (लिलावगृहाचं कमिशन), प्रीमियमवर जीएसटी, काही ठिकाणी हॅमरवरही कर, आणि टपाल व विमा. प्रत्येक लिलावाचे दर वेगळे, तेव्हा 'अटी व नियम' हे पान बोली लावण्याआधी शेवटपर्यंत वाचा.

समजा प्रीमियम १५ टक्के, त्यावर १८ टक्के जीएसटी, टपाल २५० रुपये. प्रीमियम आणि त्याचा कर मिळून हॅमरच्या १७.७ टक्के होतात. मग एकूण १०,००० साठी:

(१०,००० − २५०) ÷ १.१७७ = ८,२८४

हॅमरवरही समजा ५ टक्के कर असेल तर भाजक १.२२७ होतो आणि बोली ७,९४६ वर येते. म्हणजे १०,००० ठरवून ९,५०० ची बोली लावली तर बिल साडेअकरा ते बारा हजारांच्या आसपास येईल. नव्यांचा सगळ्यात मोठा घोटाळा इथेच होतो.

दुसरं, किंमत कशी ठरवायची. विक्रेत्यांच्या याद्यांतले भाव पाहू नका, ते मागणीचे भाव आहेत. लिलावगृहांच्या संकेतस्थळांवर झालेल्या विक्रीचे जुने निकाल असतात. तेच साल, तीच टाकसाळ आणि शक्यतो स्लॅबमधल्या ठरावीक ग्रेडची नाणी शोधा, गेल्या एक-दोन वर्षांतली. पाच-सहा निकाल मिळाले की सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा सोडून द्या. वरच्यात दोघांची चुरस असू शकते आणि खालच्यात फोटोत न दिसणारी खोट. चांदीचा भाव वेगाने हलला असेल तर तेवढं जमेस धरा. ११.६६ ग्रॅमच्या रुपयात ०.९१७ कसाची चांदी आहे, म्हणजे शुद्ध चांदी १०.६९ ग्रॅम. त्या दिवशीच्या भावाने तिची जी किंमत होईल ती या नाण्याची तळाची किंमत.

तिसरं, कमाल बोली. बहुतेक ठिकाणी तुम्ही तुमची कमाल रक्कम भरून ठेवता आणि यंत्रणा समोरच्यापेक्षा फक्त एक पायरी वर जाते. शेवटच्या दहा सेकंदांत बोली टाकून कोणाला चकवण्याचा उपयोग बऱ्याच ठिकाणी होत नाही, कारण शेवटच्या मिनिटांत बोली आली की वेळ आपोआप वाढते. आकडा शांतपणे ठरवा, भरा आणि पान बंद करा. आणि 'यूएनसी' हा शब्द वाचून आकडा ठरवू नका. तुम्ही स्वतः जो ग्रेड मान्य कराल त्याचाच आकडा.

परतीची अटही पाहा. नाणं बनावट निघालं तर ठरावीक दिवसांत परत घेतात, पण 'ग्रेड पटला नाही' म्हणून बहुतेक कोणी परत घेत नाही. म्हणून वजन, कडेचा फोटो आणि व्हिडिओ लिलावाआधीच, ईमेलवर मागा. फोनवरचं बोलणं नंतर कामाला येत नाही.

लिलाव संपल्यावर कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर 'तेच नाणं दुसरं आहे, थेट देतो' म्हणाला, किंवा रिझर्व्ह बँकेचं नाव सांगून कमिशन नाहीतर कर भरायला लावला, तर तिथेच थांबा. जुन्या नाण्यांच्या व्यवहारात आपलं नाव वापरून पैसे उकळले जातात, याची सूचना रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्येच काढली आहे. अशा व्यवहारांशी बँकेचा काही संबंध नाही.

---

गिरगावकर_संग्रह

दोघांचेही मनापासून आभार. ईमेल केला, उत्तर आलं. वजन ११.६३ ग्रॅम. कडेचा फोटो आला, दातेरी कड सगळीकडे सारखी आहे. हत्ती आखूड सोंडेचा आहे, ठिपकाही आहे. पण व्हिडिओत रेषा नाण्याबरोबरच फिरतात आणि सगळ्या तिरक्या एका दिशेने आहेत. चकाकीचा पट्टा काट्याच्या बाजूला फिरतो. छाप्याच्या बाजूला जवळजवळ फिरत नाही.

अजून दोन प्रश्न. असं नाणं ग्रेडिंगला पाठवण्यात अर्थ आहे का? आणि घरात काही राणीछाप रुपये काळे पडलेत, ते सराफाकडून उजळून घेतले तर चालतील ना?

---

ठसा_आणि_कड

मग छाप्याची बाजू पुसलेली किंवा घासलेली आहे. नाणं अस्सल वाटतं, पण ग्रेडिंग कंपनी त्याला आकडा देणार नाही. 'यूएनसी डिटेल्स' किंवा 'एयू डिटेल्स, क्लीन्ड' असा शेरा येईल. एका बाजूच्या रेषांसाठी पूर्ण नाण्याचा आकडा जातो. ग्रेड दोन्ही बाजूंचा मिळून देतात आणि कमकुवत बाजू जड पडते.

उजळण्याबद्दल दुसऱ्या सदस्याने सविस्तर लिहिलं तर बरं. मी एवढंच सांगतो: नको.

---

फोर्टचा_फेरफटका

ग्रेडिंगबद्दल माझं मत इथल्या अनेकांपेक्षा वेगळं आहे. स्लॅब म्हणजे नाण्याची किंमत वाढवायचं यंत्र आहे असं समजून प्रत्येक नाणं पाठवणं चूक. हिशेब सरळ आहे. ग्रेडिंग फी, ने-आण, विमा यांची बेरीज करा. स्लॅब नसलेल्या नाण्याचा आणि अपेक्षित ग्रेडच्या एक पायरी खालच्या स्लॅबचा भाव यांतला फरक त्या बेरजेहून जास्त असेल तरच पाठवा. एक पायरी खालचा म्हणतो, कारण आपण आपल्या नाण्याला नेहमी एक पायरी वर धरतो. तुमच्या नाण्याला 'डिटेल्स' मिळणार हे जवळजवळ नक्की असताना तो खर्च फुकट आहे.

स्लॅबचा खरा उपयोग अस्सलपणाच्या खात्रीसाठी, म्हणजे १९३९ सारख्या नाण्यात. तिथे रक्कम लहान असली तरी स्लॅबशिवाय घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. पण स्लॅब विकत घेतानाही त्यावरचा प्रमाणपत्र क्रमांक एनजीसी किंवा पीसीजीएस या ग्रेडिंग कंपन्यांच्या संकेतस्थळावर टाकून पाहा आणि तिथे नाण्याचा फोटो असेल तर ओरखडे जुळवा. बनावट स्लॅब बाजारात आहेत, आणि त्यांच्यावर छापलेला क्रमांक बऱ्याचदा दुसऱ्याच खऱ्या नाण्याचा असतो. म्हणून नुसता क्रमांक सापडला म्हणजे झालं असं नाही.

आता कायद्याची बाजू, जिच्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. पुरावस्तू आणि कलानिधी कायदा १९७२ चा आहे आणि त्यात किमान शंभर वर्षं जुनं नाणं पुरावस्तू ठरतं. पुरावस्तू देशाबाहेर पाठवायचा अधिकार केंद्र सरकार आणि त्याने नेमलेल्या संस्थांनाच आहे. १९११ चा रुपया ही शंभरी ओलांडून गेलेला आहे. तेव्हा 'ग्रेडिंगसाठी परदेशी पाठवतो' असं कोणी म्हणालं तर नाणं प्रत्यक्ष कुठे तपासलं जाणार, हे लेखी विचारा. तपासणी भारतातच होणार असेल तर हा प्रश्न येत नाही. १९३८ च्या रुपयाला ही अडचण अजून नाही. दर वर्षी एकेक साल या रेषेपलीकडे जातं, हे परदेशी संकेतस्थळावर विकणाऱ्यांनी तर पक्कं लक्षात ठेवावं.

गिरगावातच राहता तर वेळ काढून फोर्टमध्ये सर फिरोजशहा मेहता रोडवरचं रिझर्व्ह बँकेचं मॉनेटरी म्युझियम पाहा. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही नाण्यांचं दालन आहे. अस्सल नाणं काचेआडून का होईना, दहा-पंधरा मिनिटं एकटक पाहिलं की डोळ्याला सवय होते, ती फोटोवरून होत नाही. चोर बाजारात मटण स्ट्रीटवर मग डोळा उघडा ठेवून फिरता येतं.

---

तराजू_आणि_पाणी

नाणं हातात आल्यावर काय करायचं ते कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो.

पाकीट फोडताना सलग व्हिडिओ घ्या, कुरिअरचं सील दिसण्यापासून वजनकाट्यावर नाणं ठेवण्यापर्यंत. मध्ये तोडू नका. परतीचा वाद झाला तर हाच पुरावा.

वजनकाटा ०.०१ ग्रॅमचा हवा. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमचा काटा इथे कामाचा नाही. सोबत मिळणाऱ्या वजनाने आधी जुळवून घ्या आणि पंखा बंद करा. ११.६६ हे पूर्ण वजन, एका तोळ्याचं. ११.६३ एयू नाण्याला शोभतं. नाणं नवंकोरं दिसतंय आणि वजन ११.३ भरतंय, तर काहीतरी चुकतंय. व्यास साडेतीस मिलिमीटरच्या आसपास. मोजायला प्लास्टिकचं व्हर्नियर वापरा, लोखंडी जबड्याने कडेवर ओरखडा येतो.

मग घनता. काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून शून्य करा. नाणं बारीक नायलॉनच्या दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असं लटकवा. तळाला किंवा काचेला टेकता कामा नये. शिवणाचा सुती दोरा पाणी पितो, तो नको. काट्यावर जो आकडा येईल तो म्हणजे नाण्याने सारलेल्या पाण्याचं वजन. कोरडं वजन त्याने भागा.

तुमच्या नाण्यासाठी: ११.६३ ÷ १.१३ = १०.२९. या कसाच्या चांदीची घनता १०.३ च्या थोडी वर, म्हणजे बरोबर. ०.०१ ग्रॅमची चूक धरली तर उत्तर १०.२ ते १०.४ मध्ये हलेल, घाबरू नका. तेच नाणं जर्मन सिल्व्हरचं असेल तर पाण्यातला आकडा १.३ च्या वर जातो. १९४० नंतरच्या निम्म्या चांदीच्या मिश्रधातूत कोणी ओतलं असेल तर १.२२ च्या जवळ. फरक इतका ठळक आहे की ०.०१ ग्रॅमचा साधा वजनकाटाही तो पकडतो. आकडा गरजेपेक्षा जास्त आला तर आधी नाण्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे पाहा. पाण्यात भांडी घासायच्या द्रवाचा एक थेंब टाकला की ते सुटतात. पाणी डिस्टिल्ड घ्या, नळाचं सुकल्यावर डाग सोडतं. नंतर नाणं डिस्टिल्ड पाण्यात खळबळून, टिपकागदावर ठेवून वाळू द्या. पुसायचं नाही.

घनतेची मर्यादाही समजून घ्या. चांगल्या चांदीत ओतलेलं बनावट नाणं या परीक्षेत पास होतं. तिथे दहापट भिंग आणि डोळाच. ओतीव नाण्यावर बारीक छिद्रं दिसतात, अक्षरांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गोलसर होतात, आणि कडेवर दोन साच्यांच्या जोडाची रेषा किंवा ती लपवायला घासलेली जागा सापडते. ठशातून निघालेल्या नाण्याची अक्षरं तळातून सरळ उभी राहतात. शिवाय नाणं उभ्या अक्षावर फिरवा: छापा सरळ धरला तर काटाही सरळच यायला हवा. उलटा आला तर थांबा.

लोहचुंबकाने फार काही सिद्ध होत नाही. चांदीला तो चिकटत नाही, पण पितळ-तांब्यालाही चिकटत नाही. उपयोग एवढाच की लोखंडी गाभ्याचं सोंग लगेच उघडं पडतं. आणि १९४७ चा वाघाचा रुपया चिकटला तर दचकू नका, तो निकेलचा आहे, चिकटायलाच हवा.

झवेरी बाजारात हॉलमार्कच्या केंद्रांवर कॅरेटमीटरवर धातू तपासून मिळतो, नाण्याला धक्का लागत नाही. पण ते यंत्र वरचा पातळ थरच वाचतं, चांदीचा जाड मुलामा त्याला फसवू शकतो. म्हणून ते आणि पाण्यातली घनता, दोन्ही करा. एक गोष्ट मात्र दुकानात शिरतानाच सांगा: कसोटीवर घासायचं नाही, कानशीनेही नाही. सराफाच्या दृष्टीने ती चांदी असते आणि त्याची सवय घासून बघण्याची असते.

---

दमट_हवा_कोरडी_डबी

काळे पडलेले राणीछाप रुपये सराफाकडे देऊ नका. कृपया.

तो काळा थर म्हणजे हवेतल्या गंधकाने झालेला सिल्व्हर सल्फाइडचा पातळ पापुद्रा. तो चांदीपासूनच तयार झालेला असतो, वरून बसलेला मळ नाही. उजळायच्या आम्लात तो निघतो तेव्हा त्यातली चांदीही जाते. चकाकी म्हणजे ठसा बसताना धातू वाहून झालेल्या अतिसूक्ष्म रेषा असतात. दोन-तीनदा उजळलं की त्या विरघळून जातात आणि नाणं पांढरं पण मेलेलं दिसतं. टूथपेस्ट, खाण्याचा सोडा, रांगोळी, चिंच, पितांबरी पावडर, सगळ्यांचा हाच परिणाम, फक्त वेगवेगळ्या वेगाने. यातल्या ज्या गोष्टी घासायच्या आहेत त्या तर तुम्ही व्हिडिओत पाहिलेल्या तशाच एका दिशेच्या रेषा सोडतात. सलग, निळसर-सोनेरी छटा आलेल्या रुपयाला जाणकार जास्त पैसे देतात, हेही विसरू नका.

घालवायलाच हवा असा एकच प्रकार घरात सापडतो: हिरवट, चिकट, तेलकट थर. तो पीव्हीसीच्या मऊ पाकिटांतून येतो. प्लास्टिक मऊ राहावं म्हणून घातलेलं द्रव्य पाझरतं आणि प्लास्टिक विघटित होऊन आम्ल सुटतं, ते धातू खातं. तुमचं लिलावातलं नाणंही 'साध्या पाकिटात' आहे म्हणता, तेव्हा घरी आल्यावर पहिलं काम पाकीट बदलणं. नव्या रेनकोटसारखा वास येणारं, सहज वाकणारं पाकीट पीव्हीसीचं असण्याची शक्यता मोठी. मायलर या पीव्हीसी नसलेल्या प्लास्टिकचं कडक असतं, कुरकुरतं. शंका असेल तर तांब्याची तार लाल करून प्लास्टिकला टेकवा आणि पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर पीव्हीसी. खिडकी उघडी ठेवून करा, धूर वाईट असतो.

हिरव्या थरासाठी शुद्ध अ‍ॅसिटोन. प्रिन्सेस स्ट्रीटच्या केमिकलवाल्यांकडे मिळतं. नेलपेंट काढायचं द्रावण नको, त्यात तेल आणि सुगंध असतात. काचेच्या झाकणाच्या भांड्यात नाणं बुडेल एवढं घ्या, १५ ते ३० मिनिटं ठेवा, मधे भांडं हलवा. मग दुसऱ्या स्वच्छ अ‍ॅसिटोनमध्ये एकदा खळबळा आणि उभं टेकवून वाळू द्या, मिनिटभरात उडून जातं. कापूस, ब्रश, बोट काही लावायचं नाही. गॅस, देवघरातला दिवा, उदबत्ती जवळ असता कामा नये, वाफ लगेच पेट घेते. अ‍ॅसिटोन चांदीला किंवा तिच्या नैसर्गिक रंगाला हात लावत नाही, फक्त तेलकट थर नेतं. खाली धातू खाल्लेला असेल तर तो भरून येत नाही.

ठेवण्याबद्दल. पावसाळ्यात मुंबईत आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर दिवसेंदिवस राहते, त्यात समुद्राच्या हवेतलं मीठ. रबरी झाकणाची पाच लिटरची हवाबंद डबी घ्या, तळाशी सिलिका जेल ५० ते १०० ग्रॅम, रंग बदलणारं. रंग बदलला की ओव्हनमध्ये १२० अंशांच्या आसपास दोन तास तापवा, पुन्हा वापरता येतं. जेलचे दाणे नाण्याला लागू देऊ नका. जूनच्या आधी एकदा आणि नंतर दर तीन-चार आठवड्यांनी रंग पाहा. डबी लोखंडी कपाटात, स्वयंपाकघराच्या आणि बाथरूमच्या भिंतीपासून लांब. जुन्या चाळीतली बाहेरची भिंत ओल धरते, कपाट तिला टेकवू नका.

पुठ्ठ्याची स्टेपलवाली चौकट वापरत असाल तर पिना पक्कडीने चपट्या करा, नाहीतर त्या शेजारच्या नाण्यावर ओरखडा काढतात. पिना गंजतात, म्हणून दरवर्षी पाहा. या रुपयासाठी मात्र नेमक्या मापाची कडक कॅप्सूल घ्या, सैल कॅप्सूलमध्ये नाणं खुळखुळतं. रबरबँड, वर्तमानपत्र, मखमल, लोकर यांच्यात गंधक असू शकतं. डांबरगोळ्याही नकोत. नाणं कडेला धरा, आणि ते हातात असताना त्याच्याकडे तोंड करून बोलू नका. थुंकीचा अदृश्य थेंब दोन महिन्यांनी काळा ठिपका होऊन दिसतो, आणि तो निघत नाही.

शिवराई किंवा इतर तांब्याची नाणी असतील तर त्यांची डबी वेगळी ठेवा. त्यांच्यावर फिकट हिरवी, पिठासारखी भुकटी दिसली तर तो मिठातल्या क्लोराइडचा रोग आहे. ते नाणं लगेच बाजूला काढा. डिस्टिल्ड पाण्यात बुडवून पाणी रोज बदलत राहणं ही सगळ्यात निरुपद्रवी सुरुवात, पण आठवडे लागतात आणि दर वेळी पूर्ण वाळवावं लागतं. यावर वेगळा धागा काढा, इथे ते मावणार नाही.

---

गिरगावकर_संग्रह

हे सगळं धरून नाण्याला मी एयू, साफ केलेलं, असं मानतोय. तशा नाण्यांचे जुने निकाल पाहून एकूण मर्यादा १०,००० वरून ६,००० वर आणली. या लिलावात प्रीमियम १५ टक्के, त्यावर १८ टक्के कर, शिवाय हॅमरवर ५ टक्के कर असं लिहिलंय. टपाल २५०. म्हणजे ५,७५० ÷ १.२२७ = ४,६८६. एवढीच कमाल बोली भरू ना?

---

बोलीचा_हिशेब

हिशेब बरोबर. पायरी पाहा. या टप्प्यावर बहुधा १०० ची पायरी असेल, मग ४,६८६ एकतर स्वीकारलं जाणार नाही किंवा खाली ४,६०० वर येईल. ४,७०० भरलं तर बिल ६,०१७ होईल. ते १७ रुपये चालत असतील तर ४,७०० भरा, नाहीतर ४,६००.

आणि आजच भरा, रविवारची वाट पाहू नका. दोघांची कमाल बोली सारखीच निघाली तर बहुतेक ठिकाणी ज्याची आधी नोंदली गेली त्याला नाणं मिळतं, आणि ४,७०० सारख्या गोल आकड्यावर अशी बरोबरी वारंवार होते.